दीड तासाचं विमान, सात तासांचा प्रवास

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या हॉस्टेलवर विदर्भातल्या पोरांची एकच चर्चा. नागपूरला जायचं कशानं? आणि दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "अरे, विमानानं दीड तास! प्रॅक्टिकल संपवून निघायचं नि रात्री घरी जेवायला!" गंमत म्हणजे सुट्टीच्या अर्जावर सही करणारे सरसुद्धा हेच म्हणतात. म्हणून एकदा हिशोब मांडूच.

पुणे-नागपूर सरळ रेषेत अंतर सुमारे 600 किलोमीटर. ताशी 800 चा वेग धरला तर पाऊण तास पुरेल. मग वेळापत्रकात दीड तास का? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, वेग कमी करत उतरणं, सगळं त्यात आलं.

पण आपण राहतो मारुंजीला आणि विमान सुटतं लोहगावहून! हिंजवडीच्या कंपन्या सुटायच्या वेळी निघालात तर रस्त्यात दोन तास धरा. विमानतळावर दोन तास आधी हजर. मग विमानाचा दीड तास, सामानाला अर्धा, नागपुरात घर गाठायला एक. झाले सात तास! म्हणजे सरासरी वेग ताशी 86 किलोमीटर. यवतमाळ, गडचिरोलीवाल्यांचा रस्ता तर तिथून पुढे सुरू होतो.

कुणी म्हणेल, तरी रेल्वेपेक्षा बरं! मान्य. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारतसुद्धा सुमारे 12 तास घेते. विमान जिंकतंच, पण वाटतं तेवढ्या फरकानं नाही. आणि अंतर कमी असलं तर निकाल उलटाही लागतो. लंडन-पॅरिस विमानाला जेमतेम सव्वा तास. युरोस्टार रेल्वेला सव्वादोन तासांहून थोडा जास्त. तरी 1994 पासून लोक समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेनं जातात, कारण ती शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोचवते.

आता मुद्द्याचं. घरून कुणी आजारी असल्याचा फोन येतो आणि "विमानानं तर जायचंय" म्हणून एका दिवसाची सुट्टी मिळते. त्यात जाऊन-येऊन चौदा तास प्रवासातच! आईजवळ बसायचं कधी? माझं स्पष्ट मत आहे की सुट्टी मंजूर करताना हॉस्टेलच्या गेटपासून घराच्या दारापर्यंतचा वेळ धरावा. आणि दिवाळीत एकाच दिवशी निघणाऱ्यांसाठी कॉलेजनं लोहगावपर्यंत एक बस सोडावी. रिक्षा-टॅक्सीचे पैसे वाचतील, पोरं वेळेवर पोचतील.

सर, सरासरी वेग काढताना थांबलेला वेळही धरायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग अर्जावर सही करतानाही तेवढं धरा!