मामाची चांदी, मावशीचं स्टील

‘मी काही बोळ्यानं दूध पीत नाही’ असं आपण ठणकावतो, तेव्हा बोळा म्हणजे नेमकं काय हे किती जणांना ठाऊक असतं? कापसाचा किंवा मऊ कापडाचा बोळा दुधात बुडवायचा आणि तान्ह्याच्या तोंडात थेंब-थेंब पिळायचा. रीत गेली, बोलणं राहिलं. बोंडल्याचं तर बोलणंही राहिलं नाही. छोट्या चोचीचं ते पाजायचं भांडं. कापसाच्या बोंडांवर जगणाऱ्या या यवतमाळ जिल्ह्यात आज कोणाला ‘बोंडलं आण’ म्हटलं, तर पोरगी वावराकडं जायला निघेल.

हे सगळं आठवलं ते भाचीनं फोनवर धाडलेल्या यादीवरून. लेकीचं उष्टावण आहे, मावशी, काय-काय लागेल ते बघ. यादीत होतं: चांदीची वाटी आणि चमचा (मामाकडून), पितळेचं छोटं ताट आणि वाटी, सिलिकॉनचे चार रंगांचे चमचे, टेबलाला चिकटून बसणारी वाटी, अन्न गरम असलं की रंग बदलणारा एक चमचा, आणि ‘लागली तर असावी’ म्हणून खिरीसाठी मोठ्या भोकाची बाटली. भांडी मोजली, अकरा भरली. डाळीचं, तांदळाचं, ज्वारीचं नाव यादीत कुठंच नव्हतं.

तेव्हा भांडायचं ठरवलं. आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडावी आणि मग मोडावी, ही आपल्याकडची जुनी चाल. तिनंच जाते.

चांदीवाल्यांचं म्हणणं असं: चांदी शुद्ध, चांदी थंड, चांदी जंतू मारते, शिवाय मामाचा मान. यातलं जंतू मारण्याचं बोलणं पूर्ण खोटं नाही. भाजलेल्या जखमेच्या मलमात, पाण्याच्या काही गाळण्यांत चांदी वापरतात. पण तिथं तिला काम करायला वेळ मिळतो. वाटीतून तोंडापर्यंतच्या दोन क्षणांत चमच्याची चांदी कुठल्या जंतूचं काय बिघडवणार? न धुतलेला चांदीचा चमचा हा न धुतलेलाच चमचा असतो. थंडपणाचं तर उलटंच आहे. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगानं वाहून नेते ती चांदी, स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपटींहून जास्त. खिरीत ठेवलेला चांदीचा चमचा क्षणात खिरीइतका तापतो आणि बाळाच्या ओठाला पहिली ओळख चटक्याची होते. आणि अंडं! सहा महिन्यांनंतरच्या लेकराला अंड्यासारखं अन्न नाही. पण अंड्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. म्हणजे चमचा जपायचा तर अंडं टाळायचं, आणि लेकरू जपायचं तर चमचा काळा करायचा. दांड्यावरच्या नक्षीत अडकून वाळलेली खीर हा आणखी एक विषय. तो घासणारीलाच माहीत.

मामाच्या मानाबद्दल मात्र मी शेवटी बोलेन, कारण तो प्रश्न धातूचा नाहीच.

आता पितळ. इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे. हल्ली ‘आजीच्या काळातलं’ म्हणून तांबं-पितळ पुन्हा दुकानांत दिमाखात मांडलेलं दिसतं, आणि लहान बाळाचे संच तर खोक्यात, मखमलीवर. पूर्वपक्ष असा की आपल्या आज्या-पणज्यांनी यातच खाल्लं, त्यांना काय झालं? प्रश्न चांगला आहे, कारण त्याला उत्तर आहे आणि ते महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे.

विसाव्या शतकात आपल्याकडं लहान मुलांचा एक यकृताचा आजार होता. पहिल्या तीन-चार वर्षांतलं मूल, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं घट्ट, आणि बहुतेकदा शेवट मृत्यूत. वैद्यकानं त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असं आपल्या देशाचंच नाव दिलं. मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं सापडायचं. ते येतं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित, आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी त्या मुलांच्या घरातली भांडी पाहिली. १९८३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की अंगावरचं दूध लवकर तुटून वरचं दूध सुरू झालेलं आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं, हे त्यामागचं कारण असू शकतं. १९८७मध्ये आजारी मुलांचा आणि तशाच घरांतल्या धडधाकट मुलांचा आहार शेजारी-शेजारी ठेवून पाहिला, तेव्हाही बोट पितळेकडंच वळलं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्याच्या यकृताला ते अजून नीट जमत नसतं.

आणि हे एकट्या भारताचं दुखणं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं गेली. तिथंही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवायचे. भांडी बदलली, आजार संपला.

सरळ सांगायचं तर तांबं एकटंच दोषी की काही मुलांच्या रक्तातच त्याकडं कल होता, यावर पुढं वाद झाला. पितळेच्या ताटात एकदा भात कालवला म्हणून कोणाचं यकृत जात नाही, हेही खरं. पण ‘आज्यांना काय झालं’ हा युक्तिवाद करणारी माणसं वाचलेल्यांची नातवंडं असतात. ज्यांना झालं त्यांना नातवंडं झाली नाहीत. आणि ज्यांच्या नावावर हे पितळ विकलं जातं त्या आज्या स्वतः पितळेला वचकून होत्या. ताक कळकतं, चिंच कळकते, म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की गंज, पातेली, डेगची घेऊन त्या दारात यायच्या. कळकलेलं ताक जीभ ओळखते. दुधात उतरलेलं तांबं सहसा ओळखत नाही. आज कल्हईवाला गावात येत नाही आणि मखमलीवरच्या वाटीला कल्हई आहे की नाही हे विचारायचं कोणाला सुचत नाही. परंपरा अर्धी उचलली की अशी अंगावर येते. परंपरेचाच आधार हवा असेल तर सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात बाळाला हलकं आणि हितकर अन्न द्यायला सांगितलं आहे. जोर अन्नावर आहे.

सिलिकॉनवाल्यांशी माझं भांडण तेवढं कडू नाही. चमचा मऊ, दात येताना हिरडीला लागत नाही, तापला तरी वितळत नाही, खरं आहे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा तोंडाला स्पर्श सहन न होणाऱ्या बाळाला डॉक्टरांनी सांगितला तर जरूर घ्यावा. बाकीच्यांसाठी? हळदीच्या वरणानं तो पिवळा होतो, तेलाचा वास धरतो, आणि दोन दात आले की बाळ त्याला चावून तुकडा काढू शकतं. रंग बदलणाऱ्या चमच्याचं काम मनगटाच्या आतल्या बाजूवर ठेवलेला थेंब फुकट करतो. चिकटणारी वाटी टेबलाला चिकटते. आमच्याकडं बाळ मांडीवर बसतं, मांडीला काही चिकटत नाही. बाजारातल्या चित्रांच्या कडक, चकचकीत ताटल्यांत बऱ्याच मेलामाइनच्या असतात; गरम आणि आंबट अन्नात त्यातून नको ते द्रव्य उतरतं, म्हणून त्या बाळाच्या वाटेतून बाजूलाच बऱ्या.

बाटलीबद्दल वाद घालायला कायद्यानंच फारशी जागा ठेवलेली नाही. १९९२च्या कायद्यानं आणि २००३च्या दुरुस्तीनं दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. अंगणवाडीतल्या ताई ‘वाटी-चम्मच, बाटली नाही’ हे पाठ म्हटल्यासारखं सांगतात ते उगाच नाही. बाटलीचा गळा, बुचाचे आटे, रबराचं तोंड: धुवायला ब्रश हवा, उकळायला इंधन हवं, आणि मुख्य म्हणजे पाणी हवं. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं. त्या रांगेत ज्यांनी बाटली उकळली असेल त्यांना माझा नमस्कार.

राहिला शेवटचा आणि माझ्या सर्वांत जवळचा प्रतिपक्ष: चमचाच कशाला, हात आहे की! काऊचा घास, चिऊचा घास हातानंच भरवला जातो; बोटाला ऊन कळतं, खडा कळतो, माशाचा काटा कळतो. या बाजूनं मी स्वतः कितीतरी वर्षं बोलले आहे. मोडावी लागली ती २०१७च्या पावसाळ्यानंतर. त्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तोच हात घरी येतो. दुपारी वावरातून धावत येऊन लेकराला भरवणारी माय साबण घेतेच असं नाही, आणि घेतला तरी नखाखालचं निघतंच असं नाही. म्हणून फवारणीच्या दिवसांत तरी बोटाच्या आणि लेकराच्या तोंडाच्या मध्ये काहीतरी असावं. हातानं कुस्करा, साबणानं धुतलेल्या, भरवा चमच्यानं. आणि त्या चमच्यानं कधीही, एकदाही, फवारणीची किंवा दुसरी कुठलीही भुकटी मोजू नका.

मग उरतं काय? स्टीलची वाटी आणि स्टीलचा चमचा, भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. याची बाजू मी ‘स्वस्त आहे’ म्हणून घेत नाही. बाळाच्या भांड्यानं दोन कामं करायची असतात, गडवाभर पाण्यात साफ होणं आणि आईला खरं सांगणं. त्या कामांत याला तोड नाही.

खरं सांगणं म्हणजे काय? चमचा भरून तिरपा करा. अन्न चमच्यावर टिकलं, सावकाश घसरलं, तर ते अन्न. झरकन ओघळलं तर ते पाणी. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण दोनशे मिलीलिटर धरतं; त्यात तांदळाची पातळ पेज ओतली की पोट भरतं आणि लेकरू उपाशीच राहतं. बाटलीचं मोठं भोक ही फसवणूक आणखी सोपी करतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, आणि चमचाभर तेल किंवा तूप घट्ट खिचडीत कालवलं की त्यातल्या चाळीसेक तिथंच आल्या. कपाशीच्या रांगांमधली तूर घरात असतेच. तिचं घट्ट वरण, मऊ भात, ज्वारीच्या कण्या, अंड्याचा बलक. हे सगळं चमच्यावर टिकतं.

वाटी दुसरं खरं सांगते. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. मग हळूहळू २५० मिलीलिटरच्या वाटीत अर्ध्यापर्यंत. वर्षाच्या पुढं पाऊण ते पूर्ण. ही मापं जागतिक आरोग्य संघटनेची. ती पाळता येतात ती बाळाची वाटी वेगळी असली तरच. आईच्या ताटातून भरवलं तर लेकरानं किती खाल्लं आणि आईनं किती, हे देवालाही मोजता येत नाही. इथं उष्ट्याचा विटाळ मी मानत नाही, मापाचा हिशेब मानते. घरातली वाटी औषधाच्या झाकणानं एकदा पाणी ओतून मोजून ठेवा, झालं. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी २०१९-२१च्या पाहणीत जेमतेम ११ टक्के निघाली. त्यांच्या घरी भांडी नव्हती म्हणून असं झालं, असं कोण म्हणेल?

निवडताना पाहायचं ते एवढंच. चमच्याचं पान बाळाच्या तोंडापेक्षा अरुंद आणि उथळ, म्हणजे वरच्या ओठानं ते आपण होऊन पुसून घेतं. खोल चमचा वरच्या हिरडीवर खरवडावा लागतो. कड अंगठ्याच्या पेरावरून फिरवून पाहा, खरखरीत लागली तर परत ठेवा. नक्षी नको, जोड नको. आणि एक जादा चमचा, आखूड दांड्याचा, बाळाच्या हातात द्यायला. तो तोंडापर्यंत पोचणार नाही, जमिनीवर आपटला जाईल, पण दुसऱ्याच्या हातातला चमचा हिसकायचं काम त्यानं कमी होतं.

एवढं सगळं भाचीला ऐकवलं. तिनं पितळ कापलं, बाटली कापली, सिलिकॉनचा एक चमचा ठेवला. भांडायचं बळ उरलं नाही म्हणून तो मी सोडून दिला. चांदीवर मात्र ती अडली, कारण तिथं तिचा भाऊ होता. त्याचाच मला फोन आला. कळंबच्या बाजारात कापूस विकून तो त्याच पैशातून वाटी घेणार होता.

“मावशी, भाचीच्या उष्टावणाले मी स्टीलची वाटी घेऊन येऊ काय? लोकं काय म्हणतील?”

“वाटी आण, चमचा आण. आणि उरलेल्या पैशाचं तूप, डाळ आणि वर्षभराची अंडी.”

“अन् चांदी?”

“तिच्या लग्नात.”

तो हसला नाही. थोडा वेळ फोन तसाच धरून होता. मग म्हणाला, “वर्षभराची अंडी म्हणजे किती होतात, मावशी?” आणि मी मोजायला बसले.