काळ्या शौचाकडे काणाडोळा नको

भगिनींनो, आजचा विषय चारचौघींत काढावा असा नाही. पण घरात कोणाचं काय बिघडलंय ते आधी आपल्यालाच कळतं, म्हणून लिहिते.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींच्या यजमानांना आठवडाभर काळी शौचास होत होती. डांबरासारखी चिकट आणि वास तर विचारूच नका. ‘पित्त झालंय’ म्हणत ते आल्याचा रस घेत राहिले. वहिनींना सांगितलं ते घेरी येऊन पडल्यावर! जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला, की ते रक्त पचत खाली येतं, म्हणून लाल न दिसता काळं दिसतं.

बहुतेकदा यामागे अल्सर असतो, नाहीतर सांधेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या गोळ्या. क्वचित मात्र स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. हे पिंड जठराच्या मागे दडलेलं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं. तिथली गाठ आतड्यात शिरली तर रक्त जातं. शेपटाकडची गाठ प्लीहेची शीर दाबते, मग जठरातल्या शिरा फुगतात आणि फुटू शकतात. एरवी हा आजार कावीळ, पाठीत जाणारी कळ, घटणारं वजन, उतारवयात अचानक आलेला मधुमेह अशा खुणांनी कळतो, आणि पुष्कळदा तोवर उशीर झालेला असतो. या गृहस्थांना यातलं काहीच नव्हतं. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात व्रण दिसला. डॉक्टरांनी अल्सर म्हणून सोडून न देता तुकडा तपासायला पाठवला, सीटी स्कॅन केला. गाठ काढता आली. पुढचे उपचार चालू आहेत.

लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. पण डांबरासारखी चिकट शौचास झाली, किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घेरी येत असेल तर तासभरसुद्धा थांबू नका. आणि औषध घेऊनही अंगात रक्त भरत नसेल, तर ‘डॉक्टर, रक्त जातंय कुठून?’ असं सरळ विचारा.

हे केवळ यजमानांपुरतं नाही हं. पाळीत जास्त जातं म्हणून रक्त कमी, असं ठरवून आपण मोकळ्या होतो आणि शौचाचा रंग कसा आहे ते डॉक्टरांना सांगतच नाही.