कागदावरची इंग्रजी

परभणी जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळीस इंग्रजीचा गंध नाही, असे जे शहाणे म्हणतात त्यांनी विहिरीवरची मोटर जळाल्यावर आमच्या माणसाचे बोलणे एकदा ऐकावे. स्टार्टर, फ्यूज, वायंडिंग, बेअरिंग हे शब्द तो घडाघड बोलतो, आणि कोणता भाग कशाने गेला हेही सांगतो. हे त्यास कोणा मास्तराने छडी उगारून शिकविले नाही. हाताला काम पडले, कामाबरोबर शब्द आला. परभाषा पचविणे आमच्या मुलखास नवे नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता व सरकारी कारभार उर्दूत चाले. जप्ती, जामीन, फिर्याद हे फारसीतून आलेले शब्द तर आज आम्ही मराठीच समजतो.

मग घोडे अडते कोठे? बोलण्यातल्या इंग्रजीत नव्हे, सही करावयाच्या कागदावरच्या इंग्रजीत.

ट्रॅक्टर कर्जाने घेतला की त्याच्या नोंदणीपुस्तकावर ‘हायपोथिकेशन’ हा शब्द चढतो. त्याचा अर्थ इतकाच की वाहन तुमच्या दारात, पण तारण सावकाराकडे. कर्ज फिटून हा शब्द कागदावरून उतरविल्याखेरीज ते वाहन मोकळेपणी विकता येत नाही. जामीनपत्रावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे असते. शाळेत शिकलेला मुलगा ‘सेव्हरल’ म्हणजे पुष्कळ असे सांगेल, आणि बाप समजेल की पुष्कळ जण आहेत, ओझे वाटले जाईल. अर्थ नेमका उलटा आहे. तिघे जामीन असले तरी सावकार सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतो. जप्तीच्या मालाच्या लिलावात ‘ॲज इज व्हेअर इज’ हे शब्द येतात. तिसरीतले पोर प्रत्येक शब्द वाचील. परंतु माल आहे तसा, आहे तेथून उचला, मागाहून तक्रार चालणार नाही, हा एकत्र अर्थ त्यास कोणी सांगितलेला नसतो.

भाषेची मोड असते ती अशीच. आपण ‘तोंडाला पाने पुसली’ म्हणतो. परका मनुष्य एकेका शब्दाचा अर्थ लावीत बसला तर त्यास तोंड सापडेल, पाने सापडतील, फसवणूक सापडणार नाही. म्हणून सुटे शब्द घोकून उपयोग नाही. शब्द ज्या वाक्यात राबतो ते वाक्यच शिकले पाहिजे.

कोठे कोठे तर प्रश्न पैशाचा नसून प्राणाचा असतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकट असते, तीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग उतरत्या क्रमाने पुढचे. लाल-पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’ असे छापतात. हिरवा म्हणजे निर्धोक अशी समजूत पुष्कळांची आहे. परंतु ‘कॉशन’ म्हणजे जपून. ‘अँटिडोट’ म्हणजे विषावरचा उतारा. फवारणीत कोणास भोवळ आली तर हा शब्द असलेला कागद माणसाबरोबर दवाखान्यात गेला पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले. त्याची कारणे अनेक होती. पण वेष्टन न वाचता फवारणारे हात आमच्याही जिल्ह्यात थोडे नाहीत.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजी जोडली; १८८२ साली हंटर कमिशनपुढे आपले निवेदन इंग्रजीतच मांडले. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितले. साहेबी मिरविण्यासाठी नव्हे. दरबारच्या भाषेत दाद मागता यावी म्हणून. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. मूल कविता म्हणून दाखविते, आईबाप हरखतात. आणि घरी आलेली नोटीस वाचून घेण्यास मात्र दुसऱ्याची पायरी चढावी लागते. ही शिकवण अपुरी होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर एक हक्क प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. फायनान्स कंपन्यांनी कर्जदारास समजेल अशा भाषेतच पत्रव्यवहार करावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. इंग्रजी कागद पुढे आला तर सही थांबवून मराठी प्रत मागावी. त्यात लाजण्याचे कारण नाही. लाजावयाचेच तर देणाऱ्याने लाजावे.

आणि घरोघर एक वही घालावी. शब्द, तो कोणत्या कागदावर भेटला, पूर्ण वाक्य आणि मराठी अर्थ. मुलीने लिहावे, बापाने व आईने ऐकावे. गुरुजी व बाईंनाही आमची विनंती आहे. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, कोठलेही गाव असो, आठवड्यातून एक तास मुलांनी घरचा एक कागद वर्गात आणावा. औषधाची बाटली कदापि आणू नये, तिच्याबरोबरचे माहितीपत्रक आणावे. आणि पहिल्या तासाला ‘कॉशन’ हा शब्द फळ्यावर लिहावा.