राखलेले पीठ आणि शिळी मते

आज आपल्या ताटात अनारसा असेल. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजले, रोज त्यांचे पाणी बदलले, मग ते कुटून गुळात मळले आणि ते पीठ डब्यात चांगले पाच-सहा दिवस मुरल्यावरच तुपात पडले. या अनारशाला शिळा म्हणणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. उलट, "पीठ छान मुरलंय हो!" अशी शाबासकीच मिळते. मग घरच्या आंबवणाचे गव्हाचे पीठ दोन दिवस राखून तिसऱ्या दिवशी त्याचा पाव भाजला, की हीच मंडळी नाक का मुरडतात?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या तारकर्लीत तो क्षुल्लक नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या माडांत घरोघर उतरणारे पाहुणे. त्यांना सकाळी आंबोळी हवी असते. अलीकडे काहींना आंबवणाचा पावही हवा असतो, शहरात ज्याला सावरडो म्हणतात तो. पाहुणे चार येतील की चौदा, हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. घरच्या बाईने पीठ राखून ठेवले नाही, तर तिने पहाटे चारला उठावे. आणि ठेवले, तर घरातलाच कोणी तरी गरजतो, "ह्यां कालचां पीठ मां? माका नको!"

या गर्जनेमागे अज्ञान किती आहे ते पाहा. गव्हाचे पीठ आणि पाणी काही दिवस उबेत ठेवून त्यात रोज नवे पीठ घालत गेले, की पिठातलेच यीस्ट आणि जिवाणू त्यात नांदू लागतात. यीस्ट वायू करून पीठ फुगवते, जिवाणू त्याला आंबटपणा देतात. दह्याला विरजण, तसे पावाला हे आंबवण. सीमेपलीकडच्या गोव्यात पोदेर माडाची सूर घालून हेच काम करून घेत. असे पीठ फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवले, की यीस्ट जवळजवळ झोपी जाते, जिवाणू सुस्तावतात. पण काम अगदी थांबत नाही. हळूहळू आंबटपणा मुरतो आणि पावाला चव येते. अन्न शिजून वेळ टळली, की ते शिळे होते. जे अजून भट्टीत गेलेच नाही, ज्याच्यात जीव आहे, ते शिळे कसे?

ज्यांना विज्ञान नको, शास्त्र हवे, त्यांच्यासाठी शास्त्रही आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी लोकांना प्रिय असते असे म्हटले आहे, हे ते लगेच सांगतील. पण तिथे गोष्ट आहे ती रस गेलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या अन्नाची. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर जवाचे आणि गव्हाचे पदार्थ बराच काळ ठेवलेले असले तरी खाण्याची मुभा आहे, त्यांना तेलातुपाचा हात लागलेला नसला तरीही. स्त्रियांच्या बाबतीत मनूशी माझे भांडण आहे आणि राहील. परंतु ज्यांनी मनूला पुढे करून आम्हांला आजवर गप्प बसवले, त्यांनी हा एवढा श्लोक तरी पाळावा!

आणखी गंमत पुढेच आहे. राखलेल्या पिठाला नावे ठेवणारे हेच गृहस्थ बाजारातून कागदात गुंडाळलेला पाव आणतात आणि फ्रिजमध्ये ठेवून चार दिवस पुरवतात. त्या पावाला बुरशी धरू नये म्हणून कारखान्यात औषध घातलेले असते, त्याची त्यांना शंका येत नाही. शिवाय भाजलेला पाव फ्रिजमधल्या गारव्यात बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, कारण त्यातला स्टार्च त्या थंडीत झटपट घट्ट होतो. म्हणजे जे फ्रिजमध्ये ठेवावे त्याला हे शिळे म्हणतात, आणि जे ठेवू नये ते ठेवून ताजे समजतात!

राखण्यालाही नियम आहेत, हे मला मान्य आहे. आमच्या उकाड्यात पीठ दोन-तीन तास फुगले, की तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या भांड्यात घालून गारव्याला न्यावे. ते अर्ध्याहून अधिक भरू नये. दोन-तीन दिवसांत भाजून टाकावे. पुढे आंबटपणाने पिठाचा चिवटपणा तुटतो आणि ते पसरट होते. बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर काही यीस्ट मरते. त्यापेक्षा पाव भाजून तिथे ठेवावा. पिठावर गुलाबी डाग किंवा बुरशी दिसली तर हळहळ न करता फेकावे. आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने इथली वीज नेली तशी वेळ आली, तर सगळे पीठ त्याच दिवशी चुलीवर संपवावे. पण हे नियम जिला ठाऊक आहेत तिला आळशी म्हणू नका. उद्याची भूक आज ओळखून ठेवणे याला आळस म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

ज्यांना रोज पहाटेचेच ताजे पीठ हवे, त्यांना माझी ना नाही. त्यांनी चारला उठावे, परात पुढे ओढावी आणि बाह्या सरसावाव्यात. आम्ही सहा वाजता उठून, त्यांनी केलेले, मोठ्या आवडीने खाऊ.