परीकथेचा चेहरा कोणाचा?

परीकथेतील माणसांचा रंग ठरलेला आहे असे एक पक्ष म्हणतो. परीकथेतील माणसांना रंगच नसतो असे दुसरा. जुलै २०१९ मध्ये डिस्ने कंपनीने 'द लिटल मर्मेड'च्या नव्या, नटांकरवी साकारावयाच्या आवृत्तीत एरियलच्या भूमिकेसाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर केली, तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे. मे २०२३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाल्यावरही तो शमला नाही आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'स्नो व्हाइट'ने त्याला नवे इंधन पुरविले. पहिल्या पक्षाला आपण निष्ठावादी म्हणू, दुसऱ्याला प्रतिनिधित्ववादी. दोघे एकमेकांचे हाडवैरी म्हणून वावरतात; परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण मतैक्य आहे आणि ते मतैक्यच मला आक्षेपार्ह वाटते. पात्रयोजना ही अर्थनिर्मितीची कृती आहे, ती कथेवरचे भाष्य आहे, हे दोघांनाही मान्य नाही. एकाच्या लेखी ती आज्ञाभंग, दुसऱ्याच्या लेखी ती न्याय्य वाटणी. संहिता वाचण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

निष्ठावाद्यांची निष्ठा नेमकी कोणत्या संहितेवर आहे? 'ही आमची एरियल नव्हे' या घोषणेमागील सर्वांत मोठी तक्रार लाल केसांची होती. हान्स ख्रिस्तियन अँडरसनच्या १८३७ मधील कथेत जलकन्येचे केस लाल नाहीत; तिला एरियल हे नावही नाही. तिची कांती गुलाबपाकळीसारखी आणि डोळे खोल पाण्यासारखे निळे आहेत, एवढे अँडरसन सांगतो. लाल केस, नाव आणि शेवटचा विवाहसोहळा ही सारी डिस्नेच्या १९८९ मधील ॲनिमेशनपटाची निर्मिती. अँडरसनच्या कथेत समुद्रातील चेटकीण मुलीची जीभ कापून घेते, मिळालेल्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर पडावे तसे तिला टोचते, राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, आणि त्याला ठार मारून स्वतः वाचण्याची संधी नाकारून ती वायुकन्या होते, कारण तिला हवा असतो तो अमर आत्मा. १९८९ च्या चित्रपटाने आत्म्याचा हा प्रश्नच गाळून टाकला, तेव्हा या निष्ठावंतांपैकी कोणी निषेधाची पत्रके काढली नाहीत. कथेचा आत्मा गेला तरी चालेल, केसांचा रंग जाता कामा नये, अशा निष्ठेला वाङ्मयीन निष्ठा म्हणणे कठीण आहे. ती एका कंपनीच्या नोंदणीकृत चित्राविषयीची आसक्ती आहे.

'मूळ कथा' ही कल्पनाही येथे तपासून घ्यावयास हवी. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटचा द्वेष करणारी राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांमधून ग्रिम बंधूंनी स्वतःच आपल्या कथा घासूनपुसून घेतल्या. सिंड्रेलाची गोष्ट सतराव्या शतकात बासिले आणि पेरो यांनी युरोपात लिहून ठेवली, हे खरे. पण तिचे चिनी भावंड, ये शिएनची कथा, नवव्या शतकातच लिखित रूपात आले होते.

प्रतिनिधित्ववादी नेमके येथेच टाळी वाजवतील, म्हणून त्यांच्याकडे वळतो. परीकथेतील पात्रे ही केवळ कार्ये आहेत, त्यांचे वय, रूप, वर्ण बदलता येतात, असे प्रॉपचा आधार घेऊन सांगितले जाते. हा प्रॉपचा अर्धा पाठ झाला. १९२८ मध्ये त्याने कार्ये स्थिर आणि पात्रांचे गुणविशेष चल ठरविले ते रचनेच्या अभ्यासासाठी. कथेला तिचे तेज आणि सौंदर्य या गुणविशेषांमुळेच लाभते, हेही त्याने नोंदविले आहे. जे बदलू शकते ते निरर्थक असते, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. शिवाय त्याचा विषय रशियन लोककथा हा होता. अँडरसनची जलकन्या ही एका लेखकाच्या सहीची निर्मिती आहे. लोककथेचे लवचीकपण तिला परस्पर बहाल करता येणार नाही.

माक्स ल्युथीचे म्हणणे मला अधिक उपयोगी वाटते. १९४७ मध्ये त्याने दाखवून दिले की लोककथेतील माणसांना खोली नसते, अंतर्मन नसते. तिचे रंग शुद्ध आणि टोकाचे असतात. बर्फासारखी पांढरी, रक्तासारखी लाल, एबनीच्या लाकडासारखी काळी ही स्नो व्हाइटची त्रिसूत्री या दृष्टीने पाहिली तर ते त्वचेचे वर्णन ठरत नाही. तीन निखळ रंगांची ती एक आकृती ठरते. आता या आकृतीपुढे कॅमेरा उभा करून पाहा. कॅमेऱ्याला अमूर्त होता येत नाही. त्याला रंध्रे, पापण्या, वय, वंश असलेले माणूस लागते. म्हणजे चेहरा ही चित्रपटाने कथेत घातलेली भर आहे. गोरा चेहराही तेवढीच मोठी भर आहे. ती आजवर कोणाला दिसली नाही, कारण गोरेपणाला चेहऱ्याचा अभाव समजण्याची सवय युरोप-अमेरिकेला झाली आणि त्यांचे चित्रपट पाहून आपल्यालाही. बाकीचे रंग तेवढे 'निवडलेले', गोरा मात्र 'आपोआप आलेला'!

मग निवडलेल्या चेहऱ्याचे काय? हा प्रश्न प्रतिनिधित्ववाद्यांना अडचणीत आणतो, कारण त्यांचे दोन युक्तिवाद एकमेकांना छेद देतात. विरोधकांना ते सांगतात, कल्पित जलकन्येचा वर्ण कोणताही असला तरी काय बिघडते. आणि समर्थकांना सांगतात, हा वर्ण बदलल्याने सर्व काही बदलले. काहीच बिघडत नसेल तर काही घडतही नाही. फरक पडत असेल तर तो कोणता, कथेच्या कोणत्या सांध्यात पडतो, हे चित्रपटाने दाखविले पाहिजे आणि समीक्षकाने वाचले पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली झलक पाहून हरखलेल्या लहानग्या कृष्णवर्णीय मुलींची दृश्ये जगभर पाहिली गेली. त्यांचा आनंद खरा होता. त्याची टिंगल करणारी समीक्षा मला नको आहे. परंतु त्या आनंदाला कंपनीने आपल्या चित्रपटाचे प्रशस्तिपत्र म्हणून वापरावे आणि समीक्षकांनी त्यावर शिक्का मारावा, हे मान्य करता येत नाही.

हा पेच नवा नाही. १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथील भाषणात नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी 'वर्णांध' पात्रयोजनेवर कठोर हल्ला चढविला. गोऱ्यांच्या नाटकात कृष्णवर्णीय नटाला 'जणू तो कृष्णवर्णीय नाहीच' असे समजून उभे करणे म्हणजे त्याचा इतिहास पुसणे, असा त्यांचा आशय होता. रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी या भूमिकेत फुटीरपणा पाहिला, आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला एबीसी वाहिनीवरून रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांची 'सिंड्रेला' नव्या रूपात प्रसारित झाली, तीही डिस्नेच्याच छत्राखाली. सिंड्रेला ब्रँडी, परीमाता व्हिटनी ह्यूस्टन. राणी वूपी गोल्डबर्ग, राजा व्हिक्टर गार्बर, आणि या कृष्णवर्णीय राणीचा व गोऱ्या राजाचा मुलगा म्हणून फिलिपिनो वंशाचा पाओलो मोंतालबान. गोऱ्या सावत्र आईच्या दोन मुलींपैकी एक गोरी, एक काळी. याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

वरवर पाहता विल्सन यांना नको होते तेच हे. तरीही ही 'सिंड्रेला' टिकली, त्याचे कारण कथेच्या रचनेत आहे. सिंड्रेलाची कथा ही वंश, वारसा आणि घरातील स्थान यांची कथा आहे: कोण कोणाचे अपत्य, कोणाला चूल आणि कोणाला मेजवानी. त्या कथेतच रक्ताचा हिशेब जुळेनासा केला की राजघराणे ही संस्थाच हास्यास्पद ठरते. येथे पात्रयोजना कथेच्या मर्मावर बोट ठेवते. कर्त्यांचा हेतू तसा होता की नव्हता, हा प्रश्न मला गौण वाटतो.

आता २०२३ ची जलकन्या पाहा. समुद्रराजाच्या सात मुली सात वंशांच्या आहेत, आणि चित्रपट त्याचा खुलासाही देतो: सात समुद्र, सात राजकन्या. म्हणजे १९९७ मध्ये जो हिशेब मोडला होता तो पुन्हा जुळविला गेला. प्रत्येक वर्णाला आपापले पाणी, आपापली हद्द. वैविध्याच्या नावाखाली जुना नकाशाच हाती आला. भारतीय वंशाच्या सिमोन ॲशलीच्या वाट्याला आलेल्या बहिणीचे नाव इंदिरा आहे. नावाने हजेरी लागली, भूमिका मात्र काही क्षणांची.

याहून गंभीर गोष्ट किनाऱ्यावर घडते. चित्रपटातील बेट कॅरिबियन आहे, गलबते एकोणिसाव्या शतकातील आहेत, राणी कृष्णवर्णीय आणि तिचा दत्तक पुत्र गोरा. अशा बेटावर एक कृष्णवर्णीय मुलगी समुद्रातून येते. तिला आवाज नाही. या प्रतिमेत केवढा इतिहास दडला आहे! अँडरसनने जलकन्या लिहिली तेव्हा कॅरिबियनमधील सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही बेटे डेन्मार्कच्या ताब्यात होती आणि तेथील गुलामगिरी १८४८ पर्यंत संपली नव्हती. जलकन्येनंतर तीनच वर्षांनी, १८४० मध्ये, याच अँडरसनचे 'मुलाटेन' हे नाटक कोपनहेगनच्या राजेशाही रंगभूमीवर गाजले. त्याची कथा मार्टिनिक बेटावर घडते आणि तिचा मिश्रवंशीय नायक गुलामांच्या लिलावात उभा राहतो. मुकेपणाची कथा आणि लिलावाची कथा एकाच लेखणीतून उतरल्या होत्या. निष्ठावाद्यांनी हे वाचले असते तर कृष्णवर्णीय जलकन्या अँडरसनला परकी नाही हे त्यांना कळले असते. निर्मात्यांनी वाचले असते तर कदाचित त्यांचे धाडस झाले नसते. चित्रपट गुलामगिरीचा उच्चार करीत नाही. बेट सुंदर, बाजार रंगीत, राणी प्रेमळ. चेहरा बदलला आणि त्या चेहऱ्याला इतिहास असतो हे विसरून जाण्याची अट प्रेक्षकाला घातली गेली. विल्सन यांचा आक्षेप 'सिंड्रेला'पेक्षा येथे अधिक लागू पडतो.

'स्नो व्हाइट'मध्ये तर अडचण नावातच आहे. ग्रिमच्या जर्मन आरशाला विचारला जातो तो प्रश्न केवळ सौंदर्याचा आहे. इंग्रजी अनुवादाने तेथे 'फेअर' हा शब्द आणला आणि सुंदर व गोरी हे दोन अर्थ एकात मिसळले. मराठी बालवाचकाला ही कथा 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून ठाऊक आहे. या एका समासात बर्फ, गोरेपणा आणि भाद्रपदात घरी येणारी देवता अशी तिन्ही नांदतात, आणि गोरी ती सुंदर हे समीकरण आपल्याला कोणत्याही आरशाने शिकवावे लागत नाही. तेव्हा हे अमेरिकेचे भांडण आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. रेचल झेग्लर या मातृपक्षाने कोलंबियन वंशाच्या अभिनेत्रीची निवड झाल्यावर ही उपमा अवघड झाली. २०२५ च्या चित्रपटाने त्यावर उपाय काढला: हिमवादळाच्या रात्री जन्मली म्हणून हे नाव. 'फेअर'चा न्यायी हा अर्थही पुढे सरकविण्यात आला. गोरेपणा हेच सौंदर्य, हा कथेत मुरलेला सिद्धान्त तपासण्याची दुर्मीळ संधी होती. ती हवामानावर ढकलण्यात आली.

आणि बुटके? जानेवारी २०२२ मध्ये पीटर डिंकलेज या नटाने विचारले होते की नायिकेच्या वर्णाबाबत एवढी पुरोगामी दृष्टी दाखविणारी मंडळी गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची जुनी गोष्ट पुन्हा कशी सांगू शकतात. प्रश्न रास्त होता. त्याला चित्रपटातून उत्तर देता आले असते: बुटक्या चणीच्या सात नटांना सात माणसे म्हणून उभे करून. कंपनीने सातही जण संगणकावर घडविले, १९३७ च्या रेखाटनांशी नाते राखणारे. एका देहाला प्रवेश देताना सात देह पडद्यावरून नाहीसे झाले. बुटक्या चणीच्या काही नटांनी आपल्या हातचे काम गेल्याची तक्रार जाहीरपणे केली. दोन्ही पक्षांचे जे लेखन माझ्या वाचनात आले त्यात तिला एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळालेली नाही.