ब्रेक 'मारू' नका!

मागच्या आठवड्यात भाच्याची नवी बाईक आली. पेढे, हार, लिंबू-मिरची सगळं यथासांग झालं आणि किल्ली त्याच्या हातात देताना ताई म्हणाली, "पाऊस सुरू झालाय. पुढच्या ब्रेकला हातसुद्धा लावायचा नाही, कळलं?" भाच्याने मान डोलावली. मी मात्र पेढा खाता खाता थांबलो. कारण हेच वाक्य, अगदी शब्दाला शब्द, बाबांनी मला सांगितलं होतं. मी ते इमानेइतबारे पाळलं आणि कॉलरबोन मोडून घेतलं.

झालं असं की जूनचा पहिला पाऊस, संध्याकाळची वेळ, ऑफिसातून घरी निघालेलो. कर्वे रोडवर समोरची रिक्षा अचानक थांबली (रिक्षा अचानकच थांबते, त्यात नवल नाही). बाबांचा सल्ला आठवून मी पुढचा ब्रेक सोडून दिला आणि मागचा करकचून मारला. मागचं चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर. चाक जागच्या जागी जाम झालं, गाडीचं बूड एका बाजूला गेलं आणि मी दुसऱ्या. मागच्या बसवाल्याला वेळेत थांबता आलं, म्हणून आज हे लिहितोय. पुढचे सहा आठवडे हात गळ्यात आणि कोडिंग एका हाताने.

बाबा चुकीचं सांगत होते का? पूर्ण चूक नाही. त्यांनी जन्मभर चेतक चालवली. छोटी चाकं, ड्रम ब्रेक. ओल्या रस्त्यावर घाबरून पुढचा ब्रेक खस्सकन ओढला की पुढचं चाक जाम होतं, हँडल हातात राहत नाही आणि माणूस थेट जमिनीवर. हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्यातून धडा घ्यायचा होता 'झटका देऊ नका' असा. पुढे सांगताना त्याचं झालं 'हातच लावू नका'. बग होता एका ओळीत आणि आपण अख्खं फीचरच बंद करून टाकलं!

जरा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरली, तर दोन्ही ब्रेक नीट लावून गाडी कोरड्यात साधारण २० मीटरमध्ये थांबते, ओल्यात ३५ मीटरमध्ये. आणि फक्त मागचा लावला तर? ब्रेक लावताच गाडीचं वजन पुढे सरकतं, मागच्या चाकावर निम्म्याहूनही कमी उरतं. म्हणजे अंतर दुप्पट, ७० मीटर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर कोरड्यात एक पिच, ओल्यात पावणेदोन पिच, आणि फक्त मागच्या ब्रेकवर थेट बाउंड्री! त्यात मेंदूला जाग यायला लागणारा एक सेकंद, म्हणजे अजून १७ मीटर, धरलेलाच नाही.

याच हिशोबात एक चांगली बातमीही आहे. ओल्यात वेग ६० वरून ४० वर आणला, तर तो एक सेकंद धरूनही गाडी २७ मीटरमध्ये थांबते. कोरड्यात ६० वर असताना हेच अंतर ३७ भरतं. म्हणजे पावसातला सगळ्यात भारी ब्रेक हा आधी कमी केलेला वेग. पण वेग कमी असला तरी कधी ना कधी कुत्रं आडवं येतंच, त्यामुळे ब्रेक लावता यायलाच हवा.

आता मुद्द्यावर येतो. आपण मराठीत ब्रेक 'मारतो'. करकचून, कचकन, जोरात. सगळा घोळ या क्रियापदात आहे. पावसात ब्रेक मारायचा नसतो, लावायचा असतो. लिंबू पिळताना आपण पहिल्याच झटक्यात सगळा जोर लावत नाही, हळूहळू वाढवतो. पुढचा ब्रेक तसाच. आधी हलका दाब, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, टायर रस्त्याला नीट बसला की मग दाब वाढवायचा. सोबत मागचा, बेताने. क्लच शेवटपर्यंत धरून ठेवायचा नाही, इंजिनलाही थोडा वेग खाऊ द्यायचा. मात्र दोन-दोन गिअर एकदम उतरवून क्लच फटकन सोडला, तर मागचं चाक त्यानेही घसरतं. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं, तर लिव्हर ताबडतोब सैल करायची आणि पुन्हा हलक्या हाताने धरायची.

दुसरं म्हणजे, टायरच्या पकडीचं पाकीट एकच असतं. त्यातून वळण्यावर खर्च केलं की ब्रेकसाठी कमी उरतं. म्हणून गाडी सरळ असतानाच वेग कमी करून घ्यायचा आणि मग वळायचं. वळणात शिरल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

पहिल्या पावसाची गोष्ट तर वेगळीच. महिनोन् महिने साठलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येतं. जोराच्या सरी येऊन ते वाहून जाईपर्यंत रस्ता साबण लावल्यासारखा असतो. शिवाय रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलावरचे लोखंडी सांधे, बांधकामाच्या ट्रकांनी आणलेला चिखल, वळणावर सांडलेलं डिझेल आणि गुलमोहराखाली पडलेल्या पाकळ्यांचा लगदा. दिसायला सुंदर, पण बाईकवाल्याचा वैरी. यांच्यावरून जाताना ब्रेक नको, वळण नको, सरळ निघून जायचं. ब्रेक त्यांच्या आधी किंवा नंतर.

"आता एबीएस असतं की!" असं कोणीतरी म्हणेलच. असतं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. चाक जाम होऊ न देण्याचं काम एबीएस चोख करतं. पण ते नसलेली पकड निर्माण करत नाही, चिखलावर तर नाहीच. आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाईक्सना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक जाम करायचं स्वातंत्र्य अबाधित आहे. :-)

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लायसन्ससाठी मी आठ काढून दाखवला, पाय टेकवला नाही, पास झालो. ओल्या रस्त्यावर थांबून दाखव असं मला कोणीही म्हटलं नाही. आयुष्यातला पहिला इमर्जन्सी ब्रेक आपण भर ट्रॅफिकमध्ये, भर पावसात लावतो. म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग! ऑफिसात असं कोणी केलं तर आपण त्याला उभा-आडवा घेऊ. इथे मात्र स्वतःची हाडं लावून बिनधास्त करतो.

म्हणून उद्या सकाळी भाच्याला घेऊन जवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाणार आहे. हेल्मेट, बूट, जाड जाकीट. आधी टायरची हवा आणि नक्षी तपासणार. मग ओल्या फरशीवर नाही, ओल्या डांबरावर, ताशी २० वरून सुरुवात. पुढचा ब्रेक हलका, थोडा जास्त, अजून थोडा. वीस-पंचवीस वेळा. बोटांना सवय झाली की ऐन वेळी डोक्याला विचारावं लागत नाही.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच तुझं! मी इतकी वर्षं पुढचा ब्रेक लावलेला नाही, कधी पडले का?"

ताईची स्कूटर २०२१ ची, ११० सीसीची. सीबीएसवाली. डावी लिव्हर दाबली की दोन्ही ब्रेक लागतात. बाई इतकी वर्षं रोज पुढचा ब्रेक लावतेय आणि तिला पत्ताच नाही!

उद्या तिलाही सोबत नेतो.