मातीआडचे काम

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. परंतु पेव म्हणजे धान्य साठविण्याचा जमिनीतील खड्डा, हे बडोद्यातील आमच्या मुलांना आता समजावून सांगावे लागते. पेवातले धान्य टिकणे हे भोवतालच्या मातीवर अवलंबून असे. धान्याच्या जागी पेट्रोल आले, तरी तो नियम बदललेला नाही.

मध्यंतरी रस्त्यालगत एका पेट्रोलपंपाचे काम चालले होते. खड्ड्यात २०,००० लिटरची पोलादी टाकी उतरविलेली आणि काठावर खोदाईतून निघालेल्या काळ्या मातीचा ढीग. हीच माती परत लोटली तर काय बिघडेल, असे आम्ही तेथील वयस्क मुकादमांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टाकीला स्वस्थता मिळायची नाही.”

म्हणून भोवती स्वच्छ, क्षाररहित वाळू भरतात. तीत अणकुचीदार खडा राहिला, तर टाकीवरील संरक्षक लेप ओरखडतो आणि त्या टिचभर जागी गंज सुरू होतो. वाळू थराथराने दाबावी लागते. टाकीच्या पोटाखालील पोकळी नीट कोंबून बुजवावी लागते. नाहीतर भार एकाच जागी येऊन पत्रा वाकतो.

दुसरा शत्रू पाणी. पूर्ण बुडालेली ही टाकी २० टन पाणी बाजूस सारते. रिकामी असता तिचे स्वतःचे वजन मात्र दोन-तीन टनच. उरलेला जोर तिला वर उचलू पाहतो. पाण्याखाली वरच्या वाळूचा भारही सुमारे निम्माच उरतो. म्हणून टाकी तळाच्या काँक्रीटला पट्ट्यांनी जखडतात. ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे महत्त्व सांगणे नलगे.

मातीचे दुसरे उपकारही आहेत. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी मेक्सिको शहराजवळ सान हुआनिको येथे उघड्यावरील गॅसटाक्या एकामागून एक फुटल्या आणि सुमारे ५०० माणसे दगावली. त्यानंतर अशा टाक्या मातीच्या ढिगाऱ्याखाली ठेवण्याची पद्धत अधिक रुजली. आगीची झळ आणि पत्रा यांच्यामध्ये ती माती उभी राहते.

हे काम एकदा झाकले की कोणाच्या दृष्टीस पडत नाही. चूक झाली तर ती कदाचित वर्षांनंतर शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास आल्यावरच कळते. आम्ही निघालो तेव्हा मुकादम स्वतः खड्ड्यात उतरून टाकीखालची वाळू हाताने चाचपीत होते. मुलांना आम्ही ते थांबून पाहावयास लावले.